पडदा आणि दृष्टि

मार्च २०२० मध्यें सांथीमुळें शाळा बंद झाल्या आणि मोबाईलचा लहानसा पडदा हाच विद्यार्थ्यांचा फळा झाला. पुढें शाळा उघडल्या. पण पडदा हातांतून सुटला नाहीं. म्हणून नेत्ररक्षणाचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

टक लावून पाहतांना पापण्या कमी लवतात. त्यामुळें डोळे कोरडे पडून चुरचुरतात. हा शीण विश्रांतीनें जातो. ऱ्हस्वदृष्टीची गोष्ट निराळी. तींत बहुधा नेत्रगोल लांबतो व दूरचें अंधुक दिसतें. चष्म्यानें स्पष्ट दिसूं लागतें. परंतु लांबलेला गोल पुन्हां आखूड होत नाहीं. यास्तव आधींच जपलें पाहिजे.

पडदा निदान हातभर दूर असावा. दर २० मिनिटांनीं २० फूट पलीकडील झाडाकडे २० सेकंद पाहावें. अंधारांत पांघरुणाखालीं मोबाईल पाहूं नये. पण खरें औषध अंगणांत आहे. दिवसाच्या उजेडांत रोज सुमारें दोन तास राहणाऱ्या मुलांत ऱ्हस्वदृष्टि कमी उद्भवते. तैवानांत २०१० पासून प्राथमिक शाळांतील मुलांना रोज १२० मिनिटें बाहेर नेण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि वर्षानुवर्षें वाढत आलेलें दृष्टिमांद्याचें प्रमाण पुढें उतरूं लागलें.

पालकांस आमची विनंति कीं, अभ्यासापायीं मुलांचा खेळ तोडूं नये. मूल डोळे बारीक करून फळा पाहत असेल तर त्यास नेत्रवैद्याकडे न्यावें. चष्म्याची, विशेषतः मुलींच्या चष्म्याची, लाज बाळगूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, सुट्टीची घंटा झाली कीं मैदानावर चला; तोहि अभ्यासच आहे.