शिकलेले हात

तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील खानदेश हा कपाशीचा प्रदेश होय. जळगाव व धुळे जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास शेते पांढरी होतात. वेचलेला कापूस जिनिंगमध्ये जातो. तेथे सरकी आणि रुई वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या पुष्कळदा दूरच्या गिरण्यांकडे रवाना होतात. मुलांनो, शेतातून गेलेला कापूस आणि दुकानात आलेला सदरा यांच्या किमतीत एवढे अंतर का असते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय?

मधल्या वाटेवर कातणारे, विणणारे, रंगविणारे, बेतणारे आणि शिवणारे हात त्यावर राबतात. त्या कौशल्याचे मोल किमतीत मिळविलेले असते. जेथे कापूस पिकतो तेथेच हे कौशल्यही असेल, तर ते मोल तेथेच राहते.

पूर्वी ही विद्या घरातच मिळे. कोष्ट्याचा मुलगा बापाच्या मागापाशी बसून धोटा फेकण्यास शिके. शिंप्याचा मुलगा आधी काजे-बटणे करी, मग कात्री हाती धरी. चर्मकाराचा मुलगा आरी व रापी घरीच चालवू लागे. ही शिकवण पक्की असे. परंतु ती ज्या त्या जातीच्या उंबरठ्याआड राही. बाहेरच्याला ती सहसा मिळत नसे.

१८७०–८० या दशकात जळगावास खानदेश मिल निघाली. १९०६ साली प्रतापशेठ यांनी अमळनेरास प्रताप मिल काढली. गिरणीत नवा माणूस बदली कामगार म्हणून येई आणि जॉबरच्या हाताखाली, पाहून पाहून, एखादे यंत्र चालविण्यास शिके. पुढे या गिरण्या बंद पडल्या. ज्यांना एकाच यंत्रावरील एकच काम येत होते, त्यांच्यापुढे तेव्हा पोटाचा प्रश्न उभा राहिला. अनुभव गाठीशी होता. पण तो नव्या कामी लावावा कसा?

हाताचे काम आणि शाळा यांची सांगड घालण्याचा विचार या भागाला नवा नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. तेथे खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते आणि महात्मा गांधी स्वतः उपस्थित होते. पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत, मुलांना हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे, असा विचार मांडला गेला. त्यानंतर अनेक शाळांत मुले टकळीवर सूत कातू लागली.

स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. जळगाव व धुळे येथेही त्या आहेत. अशा संस्थांत शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. माप घेणे, कागदावर आकृती काढणे, कापड बेतणे, यंत्राची निगा राखणे, हे सारे त्यात क्रमाने शिकविले जाते. येथील शिक्षण सर्व जातींच्या मुलांना खुले असते आणि मिळणारे प्रमाणपत्र देशभर चालते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने तर कारखान्यात शिकता शिकता विद्यावेतन मिळण्याची सोय झाली.

आता कामाची रीत पुन्हा बदलत आहे. मोठ्या कारखान्यात एक सदरा अनेक कारागिरांच्या हातांतून जातो, आणि कपड्याचे नमुने संगणकावर आखले जातात. धुळे जिल्ह्यात शिरपूर येथे वस्त्रतंत्रज्ञानाचे पदवी शिक्षणही सुरू झाले. दुसरीकडे, २०२३ सालच्या विश्वकर्मा योजनेत शिंपी आणि पादत्राणे करणारे कारागीर यांना काही दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविलेले आहे.

यंत्रे बदलतात, गिरण्या उघडतात आणि मिटतात. ज्याला आपल्या कामामागील कारण कळले आहे, तो नवे यंत्रही शिकून घेतो. म्हणून हाताने काम करणाऱ्यास कमी लेखू नका, आणि हाताला शिकविताना बुद्धीला विसरू नका.

अभ्यास
१. कापूस व सदरा यांच्या किमतीत अंतर का पडते?
२. घरी मिळणारे शिक्षण, गिरणीतील शिक्षण व संस्थेतील शिक्षण यांत काय फरक आहे?
३. वाक्यात उपयोग करा : सांगड घालणे, कमी लेखणे, गाठीशी असणे.
४. तुमच्या गावातील शिंप्यास किंवा चर्मकारास भेटा. ते काम कोठे व कसे शिकले, हे विचारून दहा ओळी लिहा.