आजोबांची सायकल विकताना

प्रश्न : आजोबांची काळी रॅले सायकल माळ्यावर पडून आहे. भंगारवाला किलोवर मागतो. योग्य किंमत कशी ठरवावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : घाई करू नका. आधी सायकल कुठली ते पाहा. पुढच्या बिल्ल्यावर नॉटिंगहॅम असेल तर ती इंग्लंडची. सेन-रॅले असेल तर आसनसोलच्या कारखान्यातली. विलायती सायकलला सहसा जास्त भाव मिळतो. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असल्यास त्यावरची धूळ पुसा. बहुतेकदा महिना आणि साल कोरलेलं सापडतं.

मग सांगाडा तपासा. हँडलखालच्या नळ्यांच्या सांध्याजवळ रंगाला सुरकुत्या किंवा चीर दिसली, तर सायकल कुठेतरी आदळलेली आहे, भाव पडणारच. मूळ ब्रुक्सची चामडी सीट, चेनकव्हर, डायनॅमो, दिवा यांची किंमत वेगळी धरा. जुनी पावती सापडली तर दुधात साखर.

नवा रंग मात्र देऊ नका; संग्राहकाला मूळ रंग आणि सोनेरी रेघा हव्या असतात. तशाच जुन्या सायकली प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या ते दोन-तीन ठिकाणी विचारा, नुसत्या मागितलेल्या किमतीवर जाऊ नका. भंगाराचा भाव ही तळाची किंमत समजा.