लेआउटवरच्या रस्त्याला पट्टे: खर्च किती आणि कशावर?

लघुरेल्वेच्या एचओ मापाच्या लेआउटवर आठ फूट लांबीच्या रस्त्याच्या मधोमध तुटक रेघ मारायची, तर त्याला लागणारा सगळा पांढरा रंग मोठ्या टपाल तिकिटाएवढ्या जागेत मावतो. तेव्हा दुकानात रंगाच्या महागड्या बाटलीपुढे रेंगाळू नका. पैसे टाकायचे ते रेघ सरळ येण्यासाठी.

पण खरेदीआधी मापं काढा, त्याला पैसे पडत नाहीत. एचओ म्हणजे १:८७. आपला सात मीटरचा दुपदरी रस्ता इथे ८० मिलिमीटर होतो. रस्त्यावरची १० सेंटिमीटर रुंद रेघ १.१५ मिमी, तिचा तीन मीटरचा तुकडा साडेचौतीस मिमी आणि दोन तुकड्यांमधली सहा मीटरची मोकळी जागा ६९ मिमी. झेब्रा क्रॉसिंगचा ५० सेंमीचा पट्टा पावणेसहा मिमी भरतो. हॉर्नबीची ओओ गाडी असेल तर ८७ ऐवजी ७६ ने भागायचं. रेघ दोन-अडीच मिमीची झाली की शेजारची मोटार लगेच खेळण्यातली वाटू लागते. मोटारींचंही तेच: हॉट व्हील्सच्या गाड्या साधारण १:६४ च्या, त्या ठेवल्या तर पट्टे कितीही नेमके मारा, रस्ता अरुंदच दिसणार. पुण्यात असाल तर कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात एक चक्कर मारा. छोट्या मापात रस्ता, मोटार आणि गाडी यांचं प्रमाण आकड्यांपेक्षा डोळ्यांना लवकर कळतं.

आणि प्रत्येक रस्त्याला पट्टे हवेतच असं कुठे आहे? मळ्यातून फाटकाकडे येणारा किंवा गावातून स्टेशनावर जाणारा रस्ता कोराच ठेवा. वाफेच्या इंजिनांच्या काळातलं खेडं उभारत असाल, तर हा लेख इथेच मिटलात तरी चालेल.

आता सामान. भाव अंदाजे आहेत, शहर आणि दुकान पाहून थोडे इकडेतिकडे होतील. पांढऱ्या अॅक्रिलिक रंगाची छोटी बाटली ३० ते ५० रुपये. साधी मास्किंग टेप ३० ते ५०. मॉडेलवाल्यांची तामियाची टेप तीनशेच्या आसपास जाते, पण तिची कड खरोखर धारदार असते आणि निघताना खालचा रंग उचलत नाही. कुठे सढळ व्हायचंच असेल तर इथे व्हा. स्टीलची पट्टी आणि कटर मिळून शंभर, बारीक पॉलिश पेपर वीस, मेकअपचा स्पंज तीस. मॅट व्हार्निशचा स्प्रे ३०० ते ५००, या यादीतली सर्वांत महाग वस्तू तीच. पट्टी-कटर घरात असतील आणि साध्या टेपवर भागवलंत तर चारशे ते पावणेसातशेत काम होतं, तामिया घेतलीत तर हजाराच्या आत.

एक मिमीची नेमकी फट कशी ठेवायची, हा खरा प्रश्न. त्यावरचा उपाय सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळतो: नेल आर्टची एक मिमी रुंद टेप. ती रस्त्याच्या मध्यरेषेवर ताणून चिकटवा. तिला अगदी खेटून दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा आणि मधली अलगद उपसून काढा. सरळ, सारखी फट तयार. मोकळ्या जागा झाकायला टेपचे ६९ मिमी लांबीचे तुकडे फटीवर टाका. आता पांढरा रंग लावायची घाई नको. आधी रस्त्याचाच करडा रंग टेपच्या कडांवर पातळ फिरवून वाळू द्या. जो रंग टेपखाली झिरपायचा तो करडाच झिरपेल आणि दिसणारही नाही. मग पांढऱ्यात थेंबभर करडा मिसळून, जवळजवळ कोरड्या स्पंजाने टिपत जा. रंग पुरता वाळायच्या आत टेप मागे दुमडून हळूहळू ओढा. पृष्ठभाग खडबडीत असेल तर हे सगळं वाया जातं, म्हणून पॉलिश पेपरचे वीस रुपये वाचवू नका.

पांढरं जेल पेन शंभर-दीडशेला येतं. एचओहून लहान एन मापात रेघ ०.६ मिमीवर येते, तिथे तेच सोयीचं. मात्र प्लास्टरच्या रस्त्यावर त्याचं टोक चोंदतं. बाण आणि झेब्रासाठी गाड्यांचे स्टिकर कापणाऱ्या रेडियमवाल्याला गाठा. त्याच्या प्लॉटरवर व्हिनाइलचं स्टेन्सिल शंभर ते तीनशे रुपयांत कापून मिळतं. त्याच्याकडून एक मिमीच्या रेघा मात्र मागू नका, सोलताना त्या तुटतात. बुश, नोख या जर्मन कंपन्यांचे चिकटवायचे तयार रस्ते दिसायला देखणे. पण त्यावर टपाल आणि सीमाशुल्क चढतं आणि वर युरोपातल्या धाटणीचा रस्ता आपल्या फाटकापाशी येऊन बसतो. एअरब्रश कॉम्प्रेसरसकट काही हजारांत जातो. डबे-इंजिनं रंगवणार असाल तर जरूर घ्या, फक्त पट्ट्यांसाठी अजिबात नको.

पट्ट्यांच्या रस्त्यावर फाटक असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना थांबरेषा हवी; २० सेंमीची धरली तर एचओत २.३ मिमी. पट्टे वाळल्यावर चाकं फिरतात तिथे पॉलिश पेपर हलका फिरवून थोडा रंग उडवा, कडेला जास्त राहू द्या. शेवटी व्हार्निश, पण त्याआधी फाटकातल्या रुळांवर टेप लावायला विसरू नका. रुळावर व्हार्निश बसलं की चाकांना वीज मिळत नाही आणि इंजिन नेमकं फाटकातच अडून बसतं.