तत्काळ छायाचित्र आणि वऱ्हाडातले ऊन

छायाचित्रणाचा छंद लागलेल्या आम्हा विद्यार्थ्यांत जुना, स्वस्त आणि झटपट फोटो देणारा कॅमेरा म्हटला की पोलरॉइडच्या ६०० जातीचे नाव हमखास निघते. ही जात १९८१ साली आली. तिच्यातील साध्या कॅमेऱ्यांचे भिंग प्लॅस्टिकचे असून त्याचे अंतर कायमचे ठरलेले असते. माणूस चार फुटांच्या पलीकडे उभा असला म्हणजे झाले. नवशिक्याला याहून सोपे काय हवे?

मूळ कल्पना एडविन लँड या अमेरिकन संशोधकाची. काढलेला फोटो लगेच का दिसत नाही, असे त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने १९४३ साली त्याला विचारले. १९४८ च्या नोव्हेंबरात बोस्टन येथे पहिला कॅमेरा विक्रीस आला. ६०० च्या फिल्ममध्ये चित्राखालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी दडलेली असते. चित्र बाहेर पडताना दोन रुळांत दाबले जाते, पुडी फुटते व रसायन आतल्या आत पसरते. (फोटो हवेत हलवून वाळवण्याची चाल त्यामुळे निरर्थकच! त्यापेक्षा तो उजेडापासून झाकावा.)

परंतु ही फिल्म साधारण १३ ते २८ अंश सेल्सिअस तापमानातच नीट उमटते, आणि अकोल्याचा मे महिना तर ४५ च्याही पुढे जातो. त्या उन्हात चित्रावर पिवळी-तांबूस झाक चढते. तेव्हा आपल्याकडे हा उद्योग हिवाळ्यात केलेला बरा. फिल्म फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात मात्र नव्हे.

पोलरॉइडने २००८ साली फिल्म बंद केली. हॉलंडमधील कारखान्यात काहींनी ती पुन्हा सुरू केली, म्हणून हे कॅमेरे आज चालतात. फिल्म घेताना पाकिटावर ६०० हा आकडा पाहावा. कॅमेऱ्याचा सेल त्या पाकिटातच असतो. आय-टाईपच्या पाकिटात तो नसतो, म्हणून ते जुन्या कॅमेऱ्यात निरुपयोगी ठरते. पाकिटात चित्रे आठच. कॅमेरा स्वस्त पडतो, फिल्म नव्हे.

मग हातात मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावात शिबिरवाले, सर्वेक्षणवाले पुष्कळ येतात आणि फोटो काढून अमरावतीला घेऊन जातात. गावात एकही राहत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मित्राचा कॅमेरा नेऊन मी शेजारच्या आजीचा फोटो काढला. चेहरा हळूहळू उमटला तशी ती म्हणाली, "हा माह्यापाशीच राह्यते नं, बापू?" निगेटिव्ह नसते, त्यामुळे दुसरी प्रत नाही, वर्गात दाखवायला माझ्याजवळ काहीच उरले नाही. पाकिटात सात चित्रे शिल्लक होती, आणि आमच्या गल्लीत घरे बावीस.