मोहाखाली रोपे का दिसत नाहीत?



पक्ष्यांचे अभ्यासक प्रजननातील यश मोजतात तेव्हा घरट्यातली अंडी मोजून थांबत नाहीत. किती अंडी फुटली, किती पिल्ले उडाली आणि त्यांतली किती पुढे स्वतः घरटे बांधायला उरली, हे ते पाहतात. झाडांचेही तसेच. फूल, फळ, बी, रोप अशा प्रत्येक पायरीवर गळती असतेच. ती कोठे अधिक आहे हे शोधायचे. आज हे मोजमाप आपल्या आदिवासी बांधवांच्या मोहाला लावून पाहू.

“मोहफुले वेचली तर फळे कशी धरणार?” असे शहरातली मंडळी मला नेहमी विचारतात. काळजी रास्त आहे, पण जागा चुकली आहे. मोहाचे फूल रात्री उमलते. वासाने फळे खाणारी वटवाघळे येतात, गोड पाकळ्या ओरबाडतात आणि तोंडाला लागलेले पराग दुसऱ्या झाडावर नेतात. पहाटे खाली पडतो तो पाकळ्यांचा गरदार भाग. पुंकेसर त्यालाच चिकटलेले असतात. फळ होणारा भाग मात्र देठाशी फांदीवरच राहतो. म्हणजे पडलेले फूल वेचणारी बाई झाडाचे काहीच नेत नाही.

वटवाघळाकडे मात्र आपण लक्ष द्यायला हवे. मोठ्या वटवाघळाच्या मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते. वस्तीचे एक झाड तुटले किंवा शिकार झाली, तर ती तूट लवकर भरत नाही. तरीही 1972च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे कित्येक वर्षे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. फार उशिरा, असे माझे मत.

मोहाची खरी गळती पुढे आहे. पावसाच्या तोंडावर फळे पिकतात. बियांचे तेल निघते, म्हणून त्या जवळजवळ सगळ्या वेचल्या जातात. एखादी रुजलीच, तर ते रोप गुरे खातात किंवा पुढच्या उन्हाळ्यात ते जळते. फुले स्वच्छ दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची रीत आहे ना, त्या आगीत मोठे झाड तगते, वीतभर रोप नाही. म्हणून बांधावर आजोबांच्या वेळचे मोह डौलाने उभे असतात आणि त्यांच्याखाली एकही पोर नसते. दरवर्षी बहर येतो, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ज्या घरात तेलमिठाची सोय याच बियांवर होते, तिथे “बी वेचू नका” असे सांगणे मला पटत नाही. पाला पेटवण्याऐवजी झाडून काढता येतो. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात, त्यात फुलेही स्वच्छ मिळतात. आपली मंडळी रोपांसाठी वर्गणी देतात, त्यातला काही भाग जाळ्यांसाठी आणि रोपांभोवतीच्या काटेरी कुंपणासाठी ठेवावा, असे मी सुचवतो. मोहाला फुलावर यायला आठ-दहा वर्षे तरी लागतात. तोवर कुंपण दरवर्षी डागडुजी मागणार, हेही हिशेबात धरा.

आणि पेरायचे असेल तर फळातून काढलेले बी त्याच आठवड्यात मातीत घाला. वाळवून ठेवलेले मोहाचे बी काही आठवड्यांतच मरते.