ऐकून घेणारा अधिकारी : शिवाजी साटम यांच्या एका भूमिकेचा अभ्यास

आमच्या महाविद्यालयात एका वर्गखोलीचे दार पावसाळ्यात फुगते आणि काही केल्या उघडत नाही. दार अडले, की मागून कोणीतरी हमखास 'दया!' अशी हाक मारतो आणि सगळा वर्ग हसतो. कधी कधी सरही हसतात. हाक मारणाऱ्याचा जन्म ती मालिका सुरू झाल्यानंतर कित्येक वर्षांनी झालेला असतो, तरी ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. जी गोष्ट दोन पिढ्यांना न सांगता कळते ती केवळ हसण्यावारी नेण्याजोगी नसते, असे मला वाटते. म्हणून 'सी.आय.डी.' या मालिकेतील एसीपी प्रद्युम्न आणि ती भूमिका करणारे नट शिवाजी साटम यांच्याविषयी थोडा विचार येथे मांडतो.

प्रथम नटाविषयी. साटम यांचा जन्म २१ एप्रिल १९५० चा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते सेंट्रल बँक ऑफ इंडियात रोखपाल म्हणून नोकरीस लागले. त्या काळी मुंबईत आंतरबँक नाट्यस्पर्धा होत. दिवसभर आकडेमोड करणारे कर्मचारी संध्याकाळी तालमीला जमत. मराठी रंगभूमीला या हौशी नटांनी किती माणसे दिली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. अशाच स्पर्धेत ज्येष्ठ नट बाळ धुरी यांनी साटम यांना पाहिले आणि 'संगीत वरद' या नाटकात त्यांना पहिली संधी दिली. पुढे दूरदर्शन आले, चित्रपट आले. बी. पी. सिंग यांच्या 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेत ते पोलीस अधिकारी झाले. नियंत्रण कक्षाच्या १०० या क्रमांकावरून घेतलेले ते नाव आमच्या आईवडिलांच्या पिढीला अजून आठवते.

याच बी. पी. सिंगांनी २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर 'सी.आय.डी.' सुरू केली. २७ ऑक्टोबर २०१८ ला ती थांबली, तेव्हा तिचे १५४७ भाग झाले होते. २१ डिसेंबर २०२४ पासून ती पुन्हा सुरू झाली. हिंदीत त्याआधी गुप्तहेर झाले नव्हते असे नाही. १९८५ चा गाजर खाणारा 'करमचंद' होता, १९९३ चा धोतरातला 'ब्योमकेश बक्षी' होता. पण ते दोघेही बुद्धीच्या चमत्काराने मोठे झाले. प्रद्युम्नाचे तसे नाही. तो प्रेक्षकाच्या फार पुढे नसतो. पुष्कळदा गुन्हेगार कोण हे आमच्या आजीला त्याच्याआधी कळलेले असते. मग तिने तो इतकी वर्षे का पाहिला?

या प्रश्नाचे उत्तर मला एका घरगुती प्रसंगात सापडले. २०१३ साली मी तिसरीत होतो. माझे वडील हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत. गाडीतळाजवळ लावलेली त्यांची दुचाकी चोरीस गेली. हप्ते अजून फिटायचे होते. वडील पहिली पाळी संपवून तीन वेळा एका चौकीत गेले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेले होते, दुसऱ्या दिवशी कागद अपुरे होते. तिसऱ्या दिवशी तक्रार लिहून घेतली गेली, पण लिहिणाऱ्याने मान वर केली नाही. त्या शनिवारी रात्री आम्ही 'सी.आय.डी.' पाहत होतो. पडद्यावर एका गरीब बाईची मुलगी हरवली होती. प्रद्युम्न तिच्यासमोर बसून ऐकत होता. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हा माणूस निदान पुढच्याचं ऐकून तरी घेतो."

ते वाक्य मी विसरलो नाही. अलीकडे जुने भाग पुन्हा पाहताना मी मुद्दाम साटम यांच्याकडेच लक्ष ठेवले. दाराला लाथ घालण्याचे काम दयाचे, प्रयोगशाळेतील रंगीत द्रव हलवण्याचे काम डॉ. साळुंखे यांचे. रसायनशास्त्राचा पदवीधर मात्र शेजारी उभा राहून 'काय सापडले?' असे विचारतो! एसीपीचे काम ऐकण्याचे. समोरचा बोलत असताना साटम मान किंचित कलती करतात, डोळे त्याच्यावर ठेवतात, मध्ये बोलत नाहीत. मग उजव्या हाताची बोटे हवेत फिरू लागतात आणि काहीतरी गडबड असल्याचे ते सांगतात. त्या बोटांच्या नकला आपण सारे करतो. त्याआधीच्या स्तब्धतेची नक्कल कोणालाच साधत नाही. खिडकीपलीकडच्या प्रत्येक माणसाचे म्हणणे ऐकूनच पैसे मोजायचे असतात. ती सवय बँकेतून पडद्यावर आली असेल काय? हा माझा तर्क आहे, आग्रह नाही.

दुसरी गोष्ट बापपणाची. १९९९ च्या महेश मांजरेकर यांच्या 'वास्तव' मध्ये साटम गुंड झालेल्या मुलाचे वडील आहेत. सरळमार्गी, हतबल, घरात असूनही बाजूला पडलेले. इकडे मालिकेत प्रद्युम्नाचा मुलगा नकुल गुन्हेगारीच्या वाटेला जातो आणि बापालाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. एक बाप काही करू शकत नाही, दुसरा करतो आणि आयुष्यभर ते वाहतो. दोन्ही ठिकाणी चेहरा तोच, आपल्या चाळीत दिसणारा मराठी मध्यमवर्गीय बापाचा. जयवंत दळवी यांच्या 'दुर्गी' वरून बिपिन नाडकर्णी यांनी केलेल्या 'उत्तरायण' मध्ये नीना कुलकर्णी यांच्यासमवेत हाच नट उतारवयातील प्रेम किती हळुवारपणे उभे करतो, हे ज्यांनी पाहिले त्यांना या माणसाची खोली वेगळी सांगायला नको. २०२५ च्या एप्रिलमध्ये कथेत प्रद्युम्न मारला गेल्याचे दाखवले, तेव्हा आमच्या गल्लीत शेजारचे कोणी गेल्यासारखी चर्चा झाली. पुढे त्याला परत आणावे लागले.

येथवर कौतुक झाले. परंतु अभ्यास म्हटला की दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मालिकेत शेवटी आरोपीच्या कानाखाली वाजते, तो घडाघडा कबुली देतो आणि अधिकारीच त्याला फाशीची शिक्षा सांगून मोकळा होतो. कायदा याच्या नेमका उलट आहे. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २५ व्या कलमात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये ती २३ व्या कलमात कायम आहे. कारण उघड आहे : मार खाऊन माणूस न केलेलाही गुन्हा कबूल करतो. शिक्षा ठरवण्याचे काम तर न्यायालयाचे. राज्याच्या खऱ्या गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय आपल्याच पुण्यात, पाषाण भागात आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळाही गणेशखिंडीत आहे. तेथील काम द्रवाचा रंग बदलण्याइतक्या वेळात होत नाही. तपास, आरोपपत्र, साक्षी यांना महिने आणि वर्षे लागतात.

मग ही मालिका आपल्याला फसवते काय? माझ्या मते, अर्धी फसवते. न्याय पाऊण तासात मिळतो आणि थोबाडीत मारून मिळतो, हे ती खोटे सांगते. पण तक्रार घेऊन आलेल्या साध्या माणसाला खुर्ची द्यावी, त्याचे शेवटपर्यंत ऐकावे आणि मगच बोलावे, हे ती खरे सांगते. साटम यांनी ही खरी बाजू इतकी वर्षे इतक्या सचोटीने सांभाळली, की खोटी बाजूही आपण पोटात घातली. त्यांच्या लोकप्रियतेचे कारण यात आहे, आणि आपण सावध का राहावे याचेही.

वडिलांची गाडी सापडली नाही. उरलेले हप्ते भरून झाले, आता ते बसने जातात. शनिवारी जुना भाग लागला तर अजून पाहतात.

आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करीत आहेत. पहाटे मैदानावर धावताना ती मला दिसतात. त्यांतील कोणी उद्या गणवेश घालून टेबलामागे बसेल आणि समोर माझ्या वडिलांसारखा कोणी कामावरून थेट आलेला माणूस उभा असेल. त्यांना माझी एवढीच विनंती आहे : एसीपी प्रद्युम्नाकडून काही घ्यायचेच असेल, तर ती थप्पड घेऊ नका. त्याआधीची दोन मिनिटे घ्या. मान वर करा आणि ऐका.