पाण्याची हमी कागदावर घ्या

प्रश्न : पुणे महापालिकेत 2021 साली आलेल्या एका गावात 200 सदनिकांच्या प्रकल्पात घर बुक करतो आहोत. बिल्डर म्हणतात, पाणी-ड्रेनेजची काळजी नको. काय तपासावे?

उत्तर : आधी हिशेब करा. माणशी रोज 135 लिटर या निकषाने, घरटी पाच माणसे धरली तर 1,35,000 लिटर पाणी लागेल. नळजोड नसेल तर दहा हजार लिटरचे तेरा-चौदा टँकर, रोज! तो खर्च पुढे सोसायटीच्याच माथी बसतो.

म्हणून पाणीपुरवठा विभागाचे पत्र मागा आणि त्यातल्या अटी बारकाईने वाचा. ‘उपलब्धतेनुसार पाणी देऊ’ असे लिहिले असेल, तर ती हमी नव्हे. महापालिकेचे पाणी येईपर्यंत स्वखर्चाने पाणी देण्याचे हमीपत्र बिल्डरने दिले असेल, तर त्याची प्रत घ्या. ते बंधन करारनाम्यातही आलेच पाहिजे, हा माझा आग्रह आहे.

वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होते. मुख्य ड्रेनेज वाहिनी प्रकल्पापर्यंत आली आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल, तर ते नुसते बांधलेले आहे की चालू, तेही पाहा.

रेरा कायद्याच्या कलम 11(3) नुसार पाणी व सांडपाण्याच्या सोयींचे टप्पानिहाय वेळापत्रक बिल्डरने बुकिंगच्या वेळी द्यायलाच हवे. ते हातात पडेपर्यंत पैसे भरू नका.